दुकानात साउंडबॉक्स आहे, मग स्वाइप मशीन का नाही?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा विषय माझ्या मामांनी दिलाय, आणि ते त्यांना माहीतही नाही.

मामांचं उचगावात किराणा दुकान आहे. उचगाव म्हणजे आपलं कोल्हापूरचं, करवीर तालुक्यातलं. बेळगावजवळ दुसरं उचगाव आहे, ते वेगळं. दरवेळी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

गोष्ट जुलै २०२५ ची. रविवारी दुकानात गेलो, तर काउंटरवरचा क्यूआरचा स्टँड गायब. साउंडबॉक्स वायर गुंडाळून खालच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी. मला वाटलं बिघडला असेल.

"मामा, बंद पडलंय काय?"

"बंद न्हाई, मीच काढलंय. बेंगलोरात काय झालं बघितलं न्हाईस व्हय? त्या पेटीमुळं लोकांस्नी नोटिसा आल्यात."

त्यांनी मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बंगळुरूच्या चहाच्या टपऱ्या, बेकऱ्या, आणि बाहेर हाताने लिहिलेले कागद : 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'. बातमी खरी होती. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआय कंपन्यांकडून माहिती घेतली आणि ज्यांच्या खात्यावर वर्षाला जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झाली होती, अशा छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांचे मिळून २९ लाख भरा म्हणून नोटीस आली. हावेरी काही लांब नाही. उचगावाजवळून जाणारा पुणे-बेंगळुरू हायवे पुढे हावेरीवरूनच जातो. त्यामुळे मामांची भीती मला हास्यास्पद वाटली नाही.

पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. दुकानदार पैसे घ्यायचं मशीन का घेतो आणि का घेत नाही? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इंजिनिअरिंग करताना माझी पक्की समजूत होती, की सिस्टीम चांगली बनवली की लोक वापरतात. मामांच्या काउंटरवर दोन तास बसलो आणि ती समजूत बरीच ढासळली.

आधी स्वाइप मशीनचं बघू

मामांनी स्वाइप मशीन कधीच घेतलं नाही. एका कंपनीचा माणूस दोन-तीनदा येऊन गेला होता. मामांनी त्याला चहा पाजला, मशीन नको म्हणून सांगितलं.

त्यांचं गणित सोपं होतं. तुम्ही कार्ड घासता तेव्हा पैसे तुमच्या बँकेतून दुकानदाराच्या बँकेत जातात, आणि मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचं जाळं असतं. या सगळ्यांची मजुरी दुकानदाराच्या रकमेतून कापली जाते. तिला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा वाटा, विशेषतः क्रेडिट कार्डाच्या बाबतीत, ज्या बँकेने तुम्हाला कार्ड दिलं तिच्याकडे जातो. तुम्हाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट कुठून येतात, असा प्रश्न कधी पडलाय? त्यातले बरेचसे इथून येतात.

आता मामांचं बिल घ्या. हजार रुपयांचं साखर, तेल, डाळ. साखर-तेलात सुटतं किती, तर शंभराला तीन-चार रुपये. म्हणजे हजारामागे तीस-चाळीस. क्रेडिट कार्डावर २ टक्के कापले तर वीस रुपये गेले. निम्मा नफा घासण्यातच संपला. वर मशीनचं मासिक भाडं, आणि कागदाचा रोल संपला की तो आणा.

डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली आहे. १ जानेवारी २०१८ पासून, ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे त्याला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावरच्याला ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. आणि गिऱ्हाईक कुठलं कार्ड काढणार हे दुकानदाराच्या हातात नसतं.

जाता जाता एक. "कार्ड असेल तर दोन टक्के जादा द्या" असं तुम्हाला कुणी ना कुणी म्हटलेलं असणार. डेबिट कार्डाच्या बाबतीत हा भार गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने त्याच २०१७ च्या आदेशात स्पष्ट लिहिलंय. पण वरचं गणित बघितलं की तो असं का म्हणतो, तेही कळतं.

मग मशीन घेतं कोण? मामांच्या दुकानापासून थोडं पुढे मोबाईलचं दुकान आहे, तिथे दोन मशीन आहेत. कारण तिथे वीस हजारांचा फोन विकला जातो आणि गिऱ्हाइकाला तो हप्त्यावर पाहिजे असतो. कार्डावरचा ईएमआय मशीनवरच होतो. मशीन नसेल तर गिऱ्हाईक कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन घेईल. त्या दुकानदाराचे २ टक्के जातात, पण विक्री राहते. पेट्रोल पंप, दवाखाना, हायवेवरचं हॉटेल, सगळीकडे हेच. बिल मोठं असतं, किंवा गिऱ्हाईक परगावचं असतं, ज्याला उधार देता येत नाही.

मामांचं गिऱ्हाईक गावातलं. "पैसं नसलं तर वहीत लिवतो की," मामा म्हणाले. तुम्ही-आम्ही क्रेडिट कार्ड म्हणून जे खिशात घालून फिरतो, ते मामांच्याकडे लाल कापडाच्या वहीत आधीपासून आहे. व्याज नाही, वार्षिक फी नाही, आणि वसुली एजंट मामी. मामींपुढे कुठल्याही बँकेचं रिकव्हरी डिपार्टमेंट फिकं आहे.

मग क्यूआर कसा आला?

इथे मला सगळ्यात जास्त मजा आली.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी तुम्हाला शाळेत असताना आठवत असेल. सगळे म्हणतात त्यामुळे डिजिटल आलं. मामांच्या दुकानात तरी नाही आलं. तेव्हा त्यांनी काय केलं? उधारी वाढवली. यूपीआय त्याच वर्षी सुरू झालं होतं, पण त्यांच्या गल्लीत ते कुणाकडेच नव्हतं. आमच्याकडे अजून एक अडचण झाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना नोटाबंदीनंतर आठवड्याभरातच जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. आणि कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावचा पैसा फिरतो तो सेवा सोसायटी, जिल्हा बँक आणि पतसंस्था यांच्यातून. मामांचं मुख्य खातं पतसंस्थेतच होतं. पतसंस्था ही बँक नसते, तिचं खातं यूपीआयला जोडता येत नाही. म्हणजे दुकानदार तयार असता, तरी त्याचा पैसा जिथे राहतो तो पत्ताच या जाळ्यात नव्हता. शहरात बसून ॲप बनवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सुचतच नाही. आपण गृहीत धरतो की प्रत्येकाचं 'बँक अकाउंट' म्हणजे बँकेतलंच अकाउंट.

खरा बदल झाला तो तीन गोष्टी एकत्र आल्यावर.

पहिली, फी गेली. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर एमडीआर शून्य झाला. दुसरी, मशीनच गेलं. क्यूआर हा छापलेला कागद आहे. त्याला वीज नको, सिम नको, रोल नको. महागडा भाग, म्हणजे स्क्रीन, कॅमेरा आणि इंटरनेट, तो गिऱ्हाइकाच्या खिशात आहे आणि त्याचं रिचार्ज गिऱ्हाईकच मारतं. बघा, मशीन नाहीसं झालं नाही, त्याचा खर्च काउंटरच्या पलीकडे सरकला. चीनमध्येही कार्ड मशीन गल्लोगल्ली पोचायच्या आधीच क्यूआर पोचला, तो याच कारणाने.

तिसरी गोष्ट गावातली. एका बाजूला गोकुळ शिरगावची एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला शिरोलीची. उचगावात खोली करून राहणाऱ्या कामगारांत परराज्यातली पोरं पुष्कळ. त्यांचा पगार खात्यावर, घरी पैसे पाठवायचे ते मोबाईलवरून, आणि खिशात रोख जवळजवळ नाही. लॉकडाऊननंतर ही पोरं दुकानात येऊन पहिला प्रश्न विचारायची, "भैया, स्कॅनर है?" नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात. मामांनी आठवडाभर हे बघितलं आणि क्यूआर लावला. उचगावातली माणसं क्यूआर वापरायला लागली, ती नंतर.

कोंबडी आधी की अंडं आधी, असा हा धंदा असतो. गिऱ्हाईक म्हणतं दुकानात नाही म्हणून मी वापरत नाही, दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून मी ठेवत नाही. ही गाठ कुणीतरी एका बाजूने सोडवावी लागते. मामांच्या दुकानात ती सोडवली फाउंड्रीत काम करणाऱ्या पोरांनी. सरकारच्या जाहिरातींनी नाही.

पेटी का घेतली, जर क्यूआर फुकट होता?

साउंडबॉक्सला महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये जातात. स्वाइप मशीनच्या भाड्यावरून माणसाला परत पाठवणारे मामा हे पैसे का देतात?

मी म्हटलं, फसवणूक टाळायला ना? खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे असतात. ते म्हणाले, तेही आहेच, पण खरं कारण दुसरं.

आधी पैसे आल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर यायचा. म्हणजे फोन काउंटरवर पाहिजे, आणि फोन म्हणजे मामा काउंटरवर पाहिजेत. ते शाहू मार्केट यार्डात माल आणायला गेले, की दुकानात बसणार आजी. आजींना वाचता येत नाही. गिऱ्हाईक मोबाईल दाखवून म्हणणार, "आजी, पाठवलं बघा," आणि आजी म्हणणार, "मला काय कळतंय त्यातलं, बाळा. मामा आल्यावर दे." पेटी आली आणि ती मराठीत मोठ्याने बोलायला लागली. आता आजी दुकान चालवतात. पंचेचाळीस रुपयांचा माल दिला आणि पेटी चाळीस म्हणाली, की पोराला दारातून परत बोलावतात.

ॲप बनवणारे आम्ही लोक 'नोटिफिकेशन' म्हणजे मोबाईलवर वाजणारी टिंग समजतो. इथे नोटिफिकेशनचा अर्थ असा, की मालक दुकान सोडून जाऊ शकतो. मामा शंभर-सव्वाशे रुपये देतात ते यासाठी.

तरीही अर्धा गल्ला रोखच

मामांची रोजची विक्री साधारण नऊ हजार. त्यातले चारेक हजार यूपीआयवर येतात. बाकी रोख. मला वाटलं म्हातारी माणसं रोख देत असतील. तेही खरं. पण मामांनाच ठरावीक रोख पाहिजे असते.

सकाळी भाजीवाल्याला रोख. टेम्पोवाल्याला रोख. हमालाला रोख. संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो, त्याला दोनशे रुपये रोख. गांधीनगरहून कधी पिशव्या, टॉवेल, किरकोळ माल आणतात, तिथे दोन्ही चालतं, पण रोख दिली की भावात थोडं मागेपुढे होतं. यूपीआयचे पैसे खात्यात, आणि देणी सगळी हातात. मग एटीएमच्या रांगेत उभं राहायचं कोणी? जो पैसा ज्या रूपात बाहेर जायचा, तो त्याच रूपात आत आलेला बरा. मामांचा पुरवठादार जोवर रोख मागतो, तोवर मामाही थोडी रोख मागणार.

मग महापूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता काही दिवस बंद होता. वीज नाही, टॉवर बंद, तेव्हा क्यूआर हा नुसता कागदच राहतो. मामांनी तेव्हापासून एका डब्यात ठरावीक नोटा ठेवल्यात. किती, ते मलाही सांगत नाहीत.

सिस्टीम वरूनही बंद पडते. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं होतं. आणि त्याआधी, ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा 'आता त्या निळ्या स्टिकरचं काय?' म्हणून दुकानदारांत गोंधळ उडाला. क्यूआर चालूच राहिले, फक्त ज्यांचे पैसे त्या बँकेत जमा होत होते त्यांना दुसऱ्या बँकेचं खातं जोडावं लागलं. पण ज्याने एकदा असा धसका घेतला, तो पुढच्या वेळी दोन कंपन्यांचे क्यूआर लावतो. काउंटरवर तीन-तीन स्टिकर दिसतात, त्यामागे कारण असतं.

आता मामांच्या भीतीकडे

त्या रविवारी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तुमच्या घरी दुकान असेल तर हा भाग नीट ऐका, आणि शेवटी आपल्या सीएला विचारा. मी सीए नाही.

नऊ हजार रोज, वर्षातले ३५० दिवस धरले, तर उलाढाल झाली साडेएकतीस लाख. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते ४० लाखांच्या वर. सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर. मामा त्याच्या आत आहेत.

पण मुख्य मुद्दा पुढचा आहे. ही ४० लाखांची मर्यादा एकूण विक्रीला आहे, यूपीआयवरच्या विक्रीला नाही. रोख विक्रीही त्यात धरतात. म्हणजे उद्या मामा ४० लाखांच्या वर गेले, तर क्यूआर असो वा नसो, नोंदणी करावीच लागणार. स्टँड खाली ठेवल्याने कर बदलत नाही, फक्त दिसायचा बंद होतो. आणि मर्यादा ओलांडली तरी आभाळ कोसळत नाही. छोट्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना आहे, दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर करपात्र विक्रीवर १ टक्का.

आयकरात तर गंमत उलटी आहे. छोट्या व्यापाऱ्याला वह्या-हिशेबाच्या भानगडीत न पडता अंदाजे नफा दाखवता येतो. रोख विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के. साडेएकतीस लाख सगळे रोख असते तर नफा धरला जाईल दोन लाख बावन्न हजार. सगळे डिजिटल असते तर एक लाख एकोणनव्वद हजार. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा, हेही कायद्यात आहे. पण कायद्याचा झुकाव कुठे आहे ते दिसलं ना?

"मग हावेरीच्या माणसाला नोटीस कशी आली?" मामांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

ताजी भाजी जीएसटीतून माफ आहे. फक्त करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणीची गरजही नसते. पण बँकेच्या खात्यावर नुसती रक्कम दिसते, ती कांद्याची की बिस्किटाची हे दिसत नाही. बंगळुरूच्या काही दुकानदारांचं म्हणणं होतं, की नातेवाइकांनी पाठवलेले पैसे, उसनवारी, सगळं त्याच क्यूआरवर आलं होतं आणि ते विक्रीत धरलं गेलं. त्याच महिन्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जाहीर केलं, की करमाफ वस्तूंवर वसुली होणार नाही आणि जे नोंदणी करतील त्यांची जुनी थकबाकी सोडून देऊ. पण तोवर लोकांनी स्टिकर फाडून झाले होते.

मला यातून जे कळलं ते असं. फी शून्य आहे, कागद फुकट आहे, तरी क्यूआरची एक किंमत आहे. आपला हिशेब दुसऱ्याला दिसतो. मोठ्या कंपनीला ती किंमत वाटत नाही, तिचा हिशेब आधीच दहा जण बघतात. ज्याचा हिशेब आजवर फक्त बायकोला आणि वहीला माहीत होता, त्याला ती फार मोठी वाटते. त्याला 'घाबरू नका' सांगून काही होत नाही. कुठली रक्कम दाखवायची, कशी वेगळी ठेवायची, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. बँकेचा माणूस क्यूआर लावायला येतो, हे सांगायला येत नाही.

आम्ही त्या दिवशी एवढंच ठरवलं. दुकानाचं खातं बँकेत वेगळं उघडायचं आणि क्यूआर त्यालाच जोडायचा. मी मामींना गणपतीला पाठवतो ते पैसे, आत्याची उसनवारी, हे सगळं मामांच्या जुन्या खात्यावर, दुकानाच्या क्यूआरवर नाही. तांदूळ-डाळीची सुटी विक्री आणि बाकीची विक्री रोज संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर दोन रकान्यांत लिहायची. हे काम आजींनी मागून घेतलं. लिहिणार नातू, सांगणार आजी.

खातं उघडायला आठ दिवस गेले. तेवढे दिवस पेटी उदबत्तीशेजारीच होती, आणि एमआयडीसीची पोरं शेजारच्या दुकानात जात होती. मामांनी ते मोजलं होतं. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "लावली परत. पर आवाज लई मोठा झालाय तिचा, कमी कसा करायचा ते सांग."

स्वाइप मशीन अजून घेतलेलं नाही. दिवाळीला कंपनीचा माणूस परत येऊन गेला. चहा पिऊन गेला.

तुमच्या घरच्या, गल्लीतल्या दुकानात काय परिस्थिती आहे? कुणी क्यूआर काढला का, का काढला, परत लावला का, व्हॉइस नोट करून पाठवा. दुकानदारांनी स्वतःच्या आवाजात पाठवल्या तर जास्त बरं. पुढच्या एपिसोडात त्या ऐकू. भेटू मंडळी.